मशेरीची बहीण

बाळ झोळीत निजलं की मयुरीला दुपारची थोडी सवड मिळायची. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम बाजूला सारून ती फ्रिजमधून डार्क चॉकलेटची वडी काढायची. नवऱ्याला, नितीनला, कारखान्यातून दिवाळीला मिळालेल्या खोक्यातली गोड चॉकलेटं गल्लीतल्या पोरांनी केव्हाच फस्त केली होती. ही काळी, कडू तेवढी कुणी तोंडाला लावली नाही, म्हणून ती तिची एकटीची झाली. तुकडा जिभेवर धरायचा, चावायचा नाही. आधी कडवट, मग जरा आंबूस, आणि पार शेवटी कुठून तरी गोडवा यायचा. तेवढ्या वेळात ती कुणाची आई नसायची, कुणाची सूनही नसायची.

आज शेवटचा तुकडा उरला होता. तो तोंडात टाकणार तोच स्वयंपाकघरात डबे वाजले. सासूबाई, इंदुबाई, मसाल्याच्या डब्यामागे हात घालून उभ्या होत्या. हात बाहेर आला तो मशेरीची डबी घेऊनच.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांच्या गालाच्या आतला पांढरा डाग दाखवला होता. मशेरी बंद, आणि सोमवारी पुन्हा तपासायला या, असं बजावलं होतं. बाईंनी आजवर कसंबसं निभावलं होतं.

"मम्मी, ठेवा ती."

"चिमूटभर व! डोकं फुटाले लागनं मनं."

"कडूच हवंय ना तोंडात? मग हे घ्या."

तुकडा पुढे करताना हात जरासा अडखळला, ते मयुरीचं तिलाच कळलं.

इंदुबाईंनी तो खाल्ला नाही. सवयीने बोट त्यावर घासलं आणि हिरडीवर फिरवायला लागल्या.

मयुरीला हसू फुटलं. "अहो, दात नाही घासायचे त्यानं!"

"दम धर." बोट चालूच. "कडू शे... मशेरीनी बहीणच शे हाई!" मग डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "यानी डाग जाई का? खरं सांग."

कोकोत अँटिऑक्सिडंट असतात, शरीरातल्या पेशींची झीज रोखायला त्यांची मदत होते, असं मयुरीने मोबाइलवर वाचलं होतं. तेवढंच सांगितलं असतं, तर बाई औषध समजून खुशीत चघळत बसल्या असत्या. आणि सोमवारी दवाखान्याकडे फिरकल्या नसत्या.

"नाही जाणार," ती म्हणाली. "अंगाला चांगलं म्हणतात, पण डागाचं डॉक्टरच बघतील. मी येते सोबत. हे नुसतं डबीकडे हात जाऊ नये म्हणून."

इंदुबाईंनी तुकडा नखाने मोडून अर्धा सुनेच्या तळहातावर ठेवला, आणि शेजारी डबी. "ले. माले परत दखाडू नको."

झोळी हलली. एरवी चूळ भरल्याशिवाय त्या नातवाला जवळ घेत नसत. आज तशाच गेल्या, उचलून त्याचा मुका घेतला. पोराने ओठ चाटले आणि असं काही तोंड वाकडं केलं की दोघी हसत सुटल्या.

"नितीनले सांग," इंदुबाई म्हणाल्या, "वडी आनशीन तं काळीच आन."