पाराकडे उघडणारं दार

अठ्ठ्याहत्तर सालच्या माघात माझ्या दारात कोळ्याचं एक जाळं होतं. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर ते सुरू होत होतं आणि वरच्या दगडाला जाऊन चिकटलं होतं. त्याचा एकही धागा तुटलेला नव्हता. ज्या दारातून रोज माणसं ये-जा करतात, तिथे असं जाळं टिकत नाही.

मित्रांनो, मी एक आडोसा आहे. कोरेगाव तालुक्यातल्या एका उसाच्या गावात पारासमोर उभा आहे. गावातल्या बायकांना परसाकडे जाता यावं म्हणून पंचायतीने मला बांधलं. चार दगडी भिंती, वर मोकळं आभाळ, आत दोन बैठका. हा बोलायचा विषय नाही, असं तुम्हाला वाटेल. गावालाही तसंच वाटलं, म्हणून तर हे सगळं घडलं.

मला बांधलं लालासाहेबांनी. ते पलटणीतून सुभेदार होऊन परत आलेले, तेव्हा गावचे सरपंच. छावणीत बायकांसाठी वेगळी सोय असते हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्या गावातही ती असावी, ही त्यांची तळमळ खरी होती. निवडणूक जवळ आली होती, हेही खरं. गवंड्याने विचारलं, “दार कुठं काडू?” लालासाहेबांनी काठीने पाराकडे दाखवलं. “म्होरनं काड. पंचायतीचं काम हाय, लोकांना दिसाय नको व्हय?”

दारावर त्यांच्या नावाचा दगड बसवला. नारळ फुटला, हार पडले, फोटो निघाला. त्या फोटोत एकही बाई नव्हती. लालासाहेब निवडून आले आणि मी वाट पाहू लागलो.

आमच्या गावात पारासमोरून जाताना सुना पायातल्या चपला काढून हातात घेतात. पारावर थोरले दीर, सासरे, गावची जाणती माणसं बसलेली असतात. त्यांच्या डोळ्यांदेखत हातात तांब्या घेऊन कोण माझ्यात शिरणार? कोणी शिरलं नाही. बायका पूर्वीसारख्याच उसात जात राहिल्या. उसाला तोड लागली की शिवार बोडकं होतं. मग त्या दिवसभर पाण्याचा घोट टाळायच्या आणि अंधाराची वाट बघायच्या.

बायका माझ्याकडे येत, पण मागच्या बाजूला. ती भिंत पारावरून दिसत नाही. तिच्यावर त्या शेण्या थापत आणि मन मोकळं करत.

“दार हिकडं पायजे हुतं,” एकजण म्हणे.

“मग सांगा की बनुबाई. तुमी पंचायतीत हाय.”

बनुबाई लालासाहेबांच्या धाकट्या भावाच्या विधवा. बायकांच्या राखीव जागेवर लालासाहेबांनीच त्यांचं नाव घातलं होतं. सभेला त्या कधी गेल्या नाहीत. सही घ्यायला शिपाई घरी येई.

“थोरल्या दिरापुढं असलं बोलाय तोंड कुठनं आणू?” त्या म्हणत. “बगू. सुगी झाली की बोलते.” चार सुग्या झाल्या.

निवडणूक पुन्हा आली आणि मी एकदम मोठा झालो. माझ्या भिंतींवर दोन्ही पॅनेलांची चिन्हं रंगली. लालासाहेब सांगत सुटले, “सरकारनं महिला वर्ष केलं पंच्याहत्तरला. आमी तेच्या आदीच बायकांना हक्क दिला!” विरोधी पॅनेलचा आकाराम त्यावर म्हणे, “हक्क दिला, पण घेतंय कोण? आत कोळी ऱ्हातोय. मला निवडून द्या, सोसायटीची खताची पोती ठिवतो तितं.” पारावर हशा पिकायचा. दोघेही बायकांबद्दल रोज बोलत होते. बायकांना मात्र कोणी विचारलं नाही. मीही मुकाट उभा होतो, आणि पोटातल्या कोरड्या फरशीची मला फार लाज वाटत होती.

एका दुपारी शालूबाई आल्या. या बनुबाईंच्या सूनबाई, आठवा महिना लागलेला. रानात आडोसा उरला नव्हता आणि त्यांना आता थांबवत नव्हतं. चपला एका हातात, तांब्या दुसऱ्या हातात. त्या माझ्या दारापर्यंत पोचल्या आणि पारावरची बोलणी थांबली. कोणीतरी हळूच म्हणालं, “घ्या, आज उद्‌घाटन झालं!”

शालूबाई जागीच थांबल्या. मग माझ्या शेजारच्या लिंबाकडे वळल्या, त्याच्या बुंध्याशी तांब्या रिकामा केला आणि जणू एवढ्याचसाठी आल्या होत्या अशा माघारी गेल्या.

दोन दिवसांनी मागच्या भिंतीपाशी बनुबाईंनी सांगितलं, की सुनेला थंडी वाजून ताप आलाय. दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं, लघवी अशी कोंडून धरत जाल तर तुम्हालाही धोका आणि पोटातल्या बाळालाही. हे सांगताना बनुबाईंच्या हातातला शेणाचा गोळा तसाच राहिला. त्या दिवशी त्यांनी एकही शेणी थापली नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, काही ना काही बांधाल. ज्याच्यासाठी बांधाल त्याला आधी विचारा. माझे दगड चांगले होते, चुना चांगला होता, तरी मी कोणाच्या उपयोगी पडलो नाही.

प्रचाराची शेवटची सभा पारावरच भरली. बायका एका अंगाला, पदर पुढे ओढून बसल्या होत्या. लालासाहेबांनी बनुबाईंचं नाव पुन्हा जाहीर केलं. “बनुबाई, दोन शब्द बोला. मतं मागा.”

बनुबाई उठल्या. पदर डोक्यावरच होता.

“आवं भावजी, तुमी आडोसा बांधला, लय उपकार. पर तेचं दार पाराकडं हाय. तुमी समदी बसल्यालं असताना आमी आत कसं जायाचं? म्हणून माजी सून लिंबाला पानी घालून माघारी आली, आन् आता तापानं फणफणलीया.”

पारावर कोणी खाकरलं. लालासाहेबांची मान खाली गेली. “बनुबाई, ह्यो विषय सभेत काडायचा न्हाई.”

“मग कुठं काडू? चार वरीस भिंतीमागं काडला. भिंतीनं ऐकला, तुमी न्हाई.”

“घ्या सुभेदार!” आकाराम हसला. “विरोधी पक्ष तर तुमच्या घरातच हाय!”

“हसू नगा, आकारामभाऊ. तुमी तर आमच्या जागंत पोती भरणार हुता.”

बनुबाईंनी मागे बायकांकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच थोरल्या दिराच्या डोळ्यांत बघत त्या म्हणाल्या, “उद्या सकाळी मागली भिंत फोडायची आन् म्होरलं दार बुजवायचं. ते होईस्तवर माजं नाव तुमच्या पॅनेलात न्हाई, आन् आमचं मत कुणालाच न्हाई.”