हिरव्या पाण्याचा सीदी

रविवारच्या बाजारात, पीराच्या पांढऱ्या घुमटासमोर, तीसेक गाड्या बॉनेट उघडून 'आ' वासून उभ्या होत्या. जुलैचं ऊन, आमच्या दक्षिण ट्युनिशियातलं, आणि त्या उन्हात अख्खं गाव एका टॅक्सीच्या काचेला नाक लावून आतला काटा बघत होतं.

"चढला! चढला!"

तापमानाचा काटा सरसर लाल पट्टीत गेला. सीदी म्हणजे आमच्याकडे बुवा; त्या सीदी अम्मारने डोळे मिटले. "हिच्यात जिन आहे. पोटात विस्तव घेऊन बसलाय. शेजाऱ्याची नजर लागलीय या गाडीला! मुन्सिफ, बॉनेट धर."

मुन्सिफ म्हणजे त्याचा मेहुणा, चाळिशीचा बाप्या. तो बॉनेटखाली वाकला. सीदीने काहीबाही पुटपुटून बाटलीतलं हिरवं पाणी इंजिनावर शिंपडलं आणि काटा हळूहळू शून्यावर आला. बायकांनी जिभा हलवून जल्लोष केला, ड्रायव्हरांनी भोंगे वाजवले. रेडिएटरात ओतायच्या बाटल्या हातोहात खपल्या.

मला शिसारी आली. मी हमादी. तीस वर्षं या गावात गळके रेडिएटर झाळून देतो. या सीदीचं पाणी प्यायलेले अकरा रेडिएटर त्या महिन्यात माझ्याकडे आले होते, आत मिठाचा पांढरा थर बोटभर. बीर-अमामाच्या खाऱ्या विहिरीचं पाणी, त्यात पुदिन्याच्या सरबताचा रंग. बाटल्यांच्या बुचांना मुंग्या लागल्या होत्या, तरी कुणाला काही वाटत नव्हतं.

वाटावं तरी कसं? आमच्याकडे गाडीच्या कूलंटला नावच 'हिरवं' आहे. दुकानात जाऊन "एक हिरवं द्या" म्हणायचं. पीराच्या कबरीवरची चादर हिरवी, घुमटावरचं निशाण हिरवं. त्यामुळे हिरवं म्हणजे पवित्र आणि पवित्र म्हणजे थंड, असं गणित सगळ्यांनी परस्पर मांडून टाकलं होतं.

यात माझी बहीण महजूबा मरता मरता वाचली होती. तिची मूत्रपिंडं निकामी झालीत. आठवड्यातून तीनदा ऐंशी किलोमीटरवरच्या इस्पितळात रक्त धुवायला जावं लागतं आणि नेणारा एकच, टॅक्सीवाला लझहर. शनिवारी वाटेत त्याच्या, सीदीचं पाणी प्यायलेल्या गाडीने वाफ सोडली. काटा शून्यावर आणि इंजिन उकळतंय! महजूबा पाच तास माळावर बसली. इस्पितळाची खेप चुकली. रात्रीतून पाय सुजून खांबासारखे झाले. आता सोमवारी पोचलं नाही तर संपलंच.

आणि हा लझहर रविवारी गाडी घेऊन पुन्हा सीदीच्या रांगेत!

"अरे, अक्कल गहाण टाकलीस का?" मी ओरडलो.

"उस्ताद, सीदी म्हणाले पहिल्या बाटलीनं फक्त जिन गेला. त्याची बायको आत राहिलीय."

"मग पोरंबाळंही असतील. बाटल्या पुरतील ना?"

महजूबा पुढच्या सीटवर सुजलेले पाय पसरून बसली होती. मुद्दाम आली होती. मुन्सिफ वाकला, काटा लाल झाला. पाणी शिंपडलं, काटा शून्यावर आला. भोंगे वाजले.

"सीदी," महजूबाने काचेतून विचारलं, "गाडी थंड झाली?"

"बर्फ झाली, बाई."

"मग रेडिएटरवर तळहात ठेवा."

भोंगे थांबले. रेडिएटरच्या कडेने वाफ फुसफुसत होती.

"शंकेखोर बाईच्या सांगण्यावरून मी बरकतीची परीक्षा देत नसतो!"

"बरकतीची नको, हाताची द्या. उद्या मला याच गाडीतून जायचंय."

मी मुन्सिफला बाजूला ढकललं. इंजिनाच्या डोक्यावर तापमान मोजणारं बोंडूक असतं, त्याला एक वायर. ती मुन्सिफने उपटून लोंबत ठेवली होती. "लझहर, काट्याकडे बघ," म्हणत मी वायरचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं.

"लाल!" लझहर किंचाळला.

वायर उचलली.

"शून्य!"

पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली. "हा आला जिन. हा गेला. हवा तर नाचवून दाखवतो. वायर सुटली की काटा मरतो, इंजिन तापतच राहतं. शनिवारी हेच झालं."

एक म्हातारा पुटपुटला, "पण पाणी तर हिरवं आहे..."

तेवढ्यात महजूबा म्हणाली, "हमादी, सीदींच्या गाडीत कोणतं आहे ते बघ."

सीदीची नवी पांढरी गाडी घुमटाच्या सावलीत होती. तो आडवा आला, पण ड्रायव्हरांनीच बॉनेट वर केलं. प्लॅस्टिकच्या टाकीत स्वच्छ, लालभडक कूलंट! बरकत गावाला आणि कंपनीचं कूलंट स्वतःला. मी तिथेच थुंकलो.

सीदीला कुणी बोटही लावलं नाही. तो शांतपणे गाडीत बसून पुढच्या गावी निघून गेला. उलट दोघंतिघं माझ्यावरच डाफरले, पीराच्या दारात थुंकलास म्हणून. किळस वाटते ती याची.

संध्याकाळपर्यंत मी लझहरचा रेडिएटर उकलून धुतला. "गरम देशात कशाला" म्हणून कुणीतरी काढून टाकलेला थर्मोस्टॅट परत बसवला, वायर जोडली. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं भरलं. "विहिरीचं का नाही?" लझहरने विचारलं.

"माझं रक्त धुवायलाही ते विहिरीचं वापरत नाहीत रे," महजूबा म्हणाली. "पाणी आधी गाळून गाळून घेतात."

सोमवारी मीही सोबत गेलो. गाव सुटलं तसा काटा हलला, चढत चढत मध्यावर आला. लझहरचा पाय ब्रेककडे गेला. "मावशी, चढला! शून्यावर कसा नाही?"

"मध्यावर थांबलाय ना? तिथंच असायला हवा तो. इतके दिवस खोटं बोलत होता, आज खरं बोलतोय. चल," महजूबा म्हणाली.

काटा तिथेच थांबला. वेळेवर पोचलो.

तर बाबांनो, कूलंटच्या रंगाला काही अर्थ नसतो, कारखाना तो हवा तसा घालतो. गाडीचं पुस्तक वाचा. दोन जातींची मिसळ करू नका, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि कुणी सांगितलं की थंड झालं, तर आधी त्यालाच हात ठेवायला सांगा.