डाव्या नळीचा दिवा

जेथ्रो टॉनकिन माझे उस्ताद. टॉर्पेडोला हात कसा लावायचा हे मी त्यांच्याकडून शिकलो, आणि शिव्या कशा द्यायच्या हेही. १९१७ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं ‘लायोनेस’ या क्रूझरवर होतो. ते पाच माणसं हाताशी घेऊन खाली, पाण्याच्या पातळीखालच्या टॉर्पेडोच्या खोलीत. मी वर चिलखती बुरुजात, लेफ्टनंट कार्थ्यू साहेबांच्या शेजारी.

शत्रूच्या जहाजाचा वेग, दिशा, साहेब सांगतील ते नेम धरायच्या पितळी यंत्रावर लावायचं आणि हुकमाचा काटा फिरवायचा, एवढंच माझं काम. काटा ‘तयार करा’वर गेला की खाली घंटा वाजे. टॉर्पेडो नळीत भरून झाला की उस्ताद बटण दाबत आणि माझ्यासमोर हिरवा दिवा लागे. मग साहेब टॉर्पेडो सोडायचा घोडा ओढत. बोलायला एक पाइप होता, पण तो बहुतेक थट्टेलाच उपयोगी पडे.

“इझ्रा, वर ऊन पडलंय का रे?” त्या दिवशी सकाळी उस्तादांनी विचारलं होतं.

“धुकं आहे. हातभर पुढचं दिसत नाही.”

“मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय? तुला पगार कशाचा देतात?”

दुपारी अडीचला त्या धुक्यातून दोन जर्मन क्रूझर निघाल्या. त्यांच्या दुसऱ्याच माऱ्यात आमच्या डोलकाठीवरचं अंतर मोजायचं यंत्र माणसांसकट उडालं. तोफांसाठी अंतराचं गणित करणाऱ्यांचं घड्याळ शेवटच्या मोजलेल्या आकड्यावरून अंदाजानेच पुढे चालत राहिलं, आणि आमच्या तोफा नुसता समुद्र फोडत राहिल्या. मग डाव्या बाजूला, पाण्याखाली, एक गोळा बसला. सगळं जहाज कुत्र्यासारखं अंग झाडून उठलं.

पाइपमधून उस्तादांचा आवाज आला. नेहमीसारखाच शांत. “इझ्रा, पाणी आलंय. दार बाहेरून लावलंय.”

“किती आहे?”

“कमरेपर्यंत. साहेबांना सांग, डावी नळी…”

पुढचं ऐकू आलं नाही. पाइपमधून थंड हवा सुटली. तेलाचा आणि समुद्राचा वास असलेली ती हवा बराच वेळ शिटी वाजवत राहिली आणि थांबली. मी पाइपला बूच लावलं. तीनला सात मिनिटं कमी होती. थोड्याच वेळात निरोप आला: टॉर्पेडोची खोली छतापर्यंत भरली, सहाही माणसं गेली.

साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “काटा खाली घे,” ते म्हणाले.

काटा मी मघाशीच ‘तयार करा’वर नेला होता. मी हात पुढे केला, तोच हिरवा दिवा लागला. लागला, क्षणभर विझला, पुन्हा लागला आणि तसाच राहिला. उस्तादांची हीच रीत होती. एकदा बटण दाबायचे, मागे वळून नळीचं झाकण हाताने चाचपायचे आणि मग पक्कं दाबायचे. दुसरं कोणी तसं करत नसे.

“खारं पाणी,” साहेब म्हणाले. “तारा जोडल्या गेल्यात.”

“हो, सर.”

मी काटा खाली घेतला. दिवा विझला. पुन्हा वर नेला. मनात आकडे मोजत होतो. पुन्हा तेच: लागला, विझला, लागला. साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

तेवढ्यात मोठी जर्मन क्रूझर डाव्या अंगाला धुक्यातून बाहेर आली, इतकी जवळ की तिच्या डेकवरची माणसं मोजता यावीत. तिच्या तोफा आमच्याकडे वळत होत्या. आमची एकही तोफ तिच्यावर वळली नव्हती.

“पेनहॅलो,” साहेबांनी मला आडनावाने हाक मारली, “त्या खोलीत कोणी जिवंत असू शकतं का?”

“नाही, सर.”

“हातांनी केल्याशिवाय नळी तयार होते का?”

“नाही, सर.”

साहेबांनी यंत्रातून नेम धरला आणि घोडा ओढला.

पायाखाली तो ओळखीचा धक्का बसला, आणि डाव्या बाजूने बुडबुड्यांची पांढरी रेघ सरळ तिच्याकडे निघाली. त्यांनी ती पाहिली असावी. क्रूझर झटक्यात वळली, रेघ तिच्या पाठीमागून गेली, आणि ती धुक्यात शिरली ती पुन्हा आलीच नाही, तिची जोडीदारही नाही. त्या एका वळणामुळे आम्ही चारशे माणसं वाचलो.

दिवा विझला होता. चार मिनिटांनी तो पुन्हा लागला. दुसरा टॉर्पेडो भरायला उस्तादांना चारच मिनिटं लागत.

मी काटा ‘विश्रांती’वर नेला. दिवा विझेना. तीन-चारदा फिरवून पाहिला. साहेब बाहेर निघून गेले. मी तासभर त्या हिरव्या उजेडात बसलो आणि मग बल्ब काढून खिशात टाकला.

रॉसाइथच्या गोदीत खोलीतलं पाणी उपसलं. सहाही जण आत होते. सगळ्यांची घड्याळं तीनला सहा-सात मिनिटं कमी असताना थांबलेली. टॉर्पेडो सोडला तेव्हा तीन वाजून दहा झाले होते. डाव्या नळीत दुसरा टॉर्पेडो भरलेला होता, झाकण पक्कं.

साहेबांनी मला अहवाल दाखवला. टॉर्पेडो खोली भरण्याआधी सोडला, असं लिहिलं होतं.

“सोडल्याची वेळ मी आधीची लिहिलीय. तुझी हरकत?”

“नाही, सर.”

“छताशी हवा उरली असेल, तर आपण जिवंत माणसं आत कोंडून ठेवली. उरली नसेल, तर…” त्यांनी कागदाची घडी घातली. “मला दुसरं काही लिहिता येत नाही.”

मार्चमध्ये रजा मिळाली, तेव्हा टॉरपॉइंटला उस्तादांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने, केझाया टॉनकिननी, केशराचा केक कापून पुढे ठेवला. “लवकर संपलं का रे?” त्यांनी विचारलं. मी खोटं सांगायचं ठरवून गेलो होतो. पण मी सगळं सांगितलं, दिव्याचंसुद्धा.

“काम अर्धवट टाकणं त्यांना जमायचं नाही,” त्या म्हणाल्या. “मग तू काय कळवलंस त्यांना?”

“काही नाही. बल्ब काढून घेतला.”

“म्हणजे ‘आता पुरे’ असं त्यांना कोणी सांगितलंच नाही.”

मी केकची बशी बाजूला सारली.

रजा संपायच्या आधीच मी रॉसाइथला परतलो आणि त्या खोलीत उतरलो. भोक बुजवून झालं होतं, नव्या रंगाचा वास येत होता. एक म्हातारा रंगारी शिडीवर होता. मी डाव्या नळीसमोर उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, “उस्ताद, लढाई संपली. ती क्रूझर पळाली. आता पोरांना घेऊन वर चला.”

रंगाऱ्याचा हात थांबला. “कोणाशी बोलताय?”

“इथल्या माणसांशी.”

तो खाली उतरला, ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि टोपी काढून दारापासून बाजूला सरकला. वाट मोकळी होईल एवढा. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मग त्याने टोपी घातली.

“गेले असतील आता,” तो म्हणाला, आणि शिडी चढला.