पंपघरावरचा दुसरा बॉम्ब

प्रसन्न परदेशात एका शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात इंजिनिअर होता. युद्ध पेटलं तेव्हा कंपनीने त्याला परत बोलावलं. "मी निघालो तर दवाखान्याचंही पाणी बंद होईल, बाबा," म्हणून तो थांबला. मार्चमध्ये पंपघरावर बॉम्ब पडले, त्यात तो गेला. ते टाकणाऱ्या सरकारने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, तिथे शस्त्रसाठा होता, मेलेले सगळे अतिरेकी होते.

जयपूरच्या सोडाला भागात राहणाऱ्या मोरेश्वररावांनी, त्याच्या वडिलांनी, हे टीव्हीवर ऐकलं. विमा कंपनीत उभा जन्म मृत्यूचे दावे तपासलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, "चौकशी न करताच कारण ठरवलं?"

दिल्लीला खेटे झाले. 'दोन देशांमधला नाजूक विषय आहे, धीर धरा,' हेच उत्तर. शेवटी पंपघरातून वाचलेल्या कामगारांनी तिकडच्या पत्रकारांना सगळं सांगितलं, बोभाटा झाला, आणि त्या सरकारला चौकशी नेमावी लागली. नातेवाइकांना व्हिडिओवर बोलण्याची परवानगी मिळाली.

भर दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. दुभाषी म्हणून मुलगी तनया बसली. पडद्यावर गणवेशातला अधिकारी, शेजारी सरकारी वकील.

"त्या वेळच्या माहितीनुसार निर्णय योग्य होता," अधिकाऱ्याने वाचून दाखवलं.

"माहिती कुणी दिली?" मोरेश्वररावांनी विचारलं.

"गोपनीय आहे."

"पहिल्या बॉम्बनंतर माझा मुलगा जखमींना ओढून बाहेर काढत होता. मग तुम्ही दुसरा टाकलात. तेव्हा वरून काय दिसत होतं?"

वकिलाने नकारार्थी मान हलवली. अधिकाऱ्याने पुढचा कागद उलटला.

प्रसन्नची आई मंदाकिनी पुढे सरकली. "तनया, त्याला विचार, माझा मुलगा अतिरेकी होता का?"

तनयाने विचारलं. उत्तर ऐकून म्हणाली, "आई, तो बोलणार नाही म्हणतोय. मतलब, त्याला परवानगी नाही."

"हो किंवा नाही, एवढंच सांग म्हणावं."

अधिकाऱ्याने चष्मा काढला. "नाही," तो हळूच म्हणाला. "नव्हता."

वकिलाने हात पुढे केला आणि पडदा काळा झाला.

अहवाल पावसाळ्यानंतर आला. कुणाचीही चूक आढळली नाही, असं त्यात होतं. ते 'नाही' कुठेच नव्हतं. मोरेश्वररावांनी तिकडच्या न्यायालयात अपील केलं. लष्करी निर्णयात न्यायालय पडत नाही, म्हणून ते सुनावणीआधीच फेटाळलं गेलं.

"तो म्हणाला ना, आपण ऐकलं ना," मंदाकिनी म्हणाली.

"आपण तिघांनी. जगाच्या लेखी तो अजून अतिरेकीच आहे. तुला पुरलं तेवढं?"

"पुरेल कसं हो?"

मोरेश्वरराव त्या दिवशी जेवले नाहीत. वाढलेलं ताट तसंच ठेवून ती त्यांच्याजवळ बसून राहिली.