ओढ्यापलीकडचं निरंक

गुरुशांत म्हमाणेचं काम ऐकायला सोपं होतं. कुठं रस्ता नाहीतर कारखाना येणार असला, की आधी ती जमीन पायाखाली घालायची आणि जुनं देऊळ, बारव, वीरगळ, दफनभूमी जे असेल ते फॉर्मवर लिहायचं. काही नसेल तिथं 'निरंक'. वीस वर्षं सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या घरातून निघून गावं तुडवताना त्याच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती.

नियम ओळीनं चालत जमीन बघायचा होता. रीत वेगळीच पडली होती. देवळाच्या पारावर बसायचं, चहा घ्यायचा आणि गावातली वजनदार माणसं सांगतील ते लिहून मोकळं व्हायचं. अक्कलकोट रोडवरच्या या गावात विरुपाक्ष पाटलांनी आधी लिंगायतांची दफनभूमी, म्हणजे रुद्रभूमी सांगितली, तिला धक्का लागता कामा नये असं बजावलं, मग देऊळ आणि दोन वीरगळ सांगितले. ओढ्यापलीकडं नुसता मुरूम आहे म्हणाले. गुरुशांतनं तिथं निरंक लिहून टाकलं. एवढ्या उन्हात खात्री करायला कोण जातो?

पण मोबाइलमधलं ॲप चारही कोपऱ्यांचे फोटो मागत होतं. चडफडत तो ओढा ओलांडून वर चढला.

मुरमात दगड उभे होते, ओळीनं. काहींवर चंद्रसूर्य कोरलेले, झिजून नुसते बोटाला लागतील असे. दोनशे वर्षांचे तरी असावेत, इतकं त्याला कळत होतं. एका नव्या दगडाला चुना लावत बौद्ध वस्तीतली विठाबाई बसली होती. गेल्या साली गेलेल्या सुनेचा तो दगड. गावच्या स्मशानात पत्र्याची शेड आहे, पण वस्तीतल्या माणसाला तिथं अजून जागा मिळत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सगळे इथंच, हे म्हातारीनं रोजचं काम सांगावं तसं सांगितलं.

"ह्यावरनं रस्ता जानार म्हंत्यात. तुमी काय लिवलंय, सायेब?"

खोटं बोलायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "इथं काही नाही असं लिहिलंय, आजी."

दोन वर्षांपूर्वी त्यानं आपल्या बायकोला सोलापुरात रुद्रभूमीत मातीआड केलं होतं. तिच्या समाधीबद्दल कुणी असं लिहिलं असतं, तर त्यानं त्या माणसाची गचांडी धरली असती. त्याला स्वतःची लाज वाटली.

पारावर येऊन त्यानं निरंक खोडलं. पाटील चिडले नाहीत. हे नोंदलं तर रस्ता सरकून आपल्याच लोकांच्या उसातून जाईल, हे त्यांनी समजुतीनं सांगितलं.

"म्हमाणे, तुमी आपल्यातले हाय. कशाला डोक्याला ताप करून घेताय?"

"आपल्यातले म्हणूनच आजवर सांगाल ते लिहिलं. आता बास."

पाटलांनी लगेच पुण्याला, गुरुशांतच्या हेड ऑफिसात कळवलं असावं. साहेबांचा फोन आला. अहवाल उद्या द्यायचा आहे, खोडाखोड चालणार नाही, जमत नसेल तर दुसऱ्या कुणाची सही घेऊ, असं ते म्हणाले. घ्या म्हणाला गुरुशांत, पण माझ्या सहीचा कागद मी स्वतः कलेक्टर ऑफिसात देणार. वाद घालायची ताकद नव्हती. त्यानं फोन बंद केला आणि दुखरे गुडघे घेऊन पुन्हा ओढा ओलांडला.

दगडांवर अक्षर नव्हतं, म्हणून तो एकेक नाव विचारून लिहू लागला. विठाबाई दगडाला हात लावून सांगत गेली. सासू सोनाबाई. चुलतसासरा रावजी. बाळंतपणात गेलेली सून पायल. मधेच ती थांबली.

"ह्याच्या आदी किती गावं लिवली, सायेब?"

"तीन-चारशे असतील."

"तितं बी आमची मानसं असतील की. त्यांच्याकडं गेलता?"

गुरुशांतनं मान खाली घातली. मग त्यानं पुढचं नाव विचारलं.