बाराच्या उन्हातले चाळीस-चाळीस

मी गुणांची पाटी बोलतेय. साकोलीच्या अलीकडे हायवेला लागून लग्नाचं एक लॉन आहे, तिथल्या काचेच्या कोर्टाबाहेर मी टांगलेली असायची. माझ्या एका बाजूला आजपर्यंत 'चाळीस' लटकत होता आणि दुसऱ्या बाजूला 'आ'. तो खेळ संपलाच नाही. त्याला आता वर्ष होईल.

माझा जन्म लग्नातला. लॉनच्या दारावर नवरा-नवरीची नावं लावायला मला प्लायवूडमधून कापलं होतं. माझ्या पाठीवर 'वीरेंद्र आणि खुशबू' अजून वाचता येतं. वरात गेली आणि मी गोदामात पडले. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला.

मग मालकाने मागच्या जागेत पॅडलचं, म्हणजे टेनिससारख्या दोन-दोन जणांच्या खेळाचं, कोर्ट बांधलं. खाली हिरवा गालिचा, मध्ये जाळी, टोकांना काचेच्या भिंती. लॉनमध्ये लायटिंगचं काम करणाऱ्या सुगतने मला उचललं, उलटं करून काळा रंग दिला आणि खिळे ठोकले. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याने आकडे केले. 'आ' मात्र त्याच्या धाकट्या भावाने, अनुपने कापला. अनुपला धीर नाही. कात्री घसरली, बोट कापलं, आणि 'आ'ची एक कड वाकडी राहिली.

'आ' म्हणजे आघाडी. त्याचा हिशेब सांगते. पहिल्या गुणाला पंधरा, दुसऱ्याला तीस, तिसऱ्याला चाळीस, आणि चौथ्याला गेम. सहा गेमचा सेट, पण दोनने पुढे असायला हवं. सहा-सहा झाले तर टायब्रेक. तीनपैकी दोन सेट जिंकेल त्याचा सामना.

दोघा भावांची आई पुष्पाबाई डबा घेऊन यायची, तेव्हा माझ्याकडे बघून विचारायची, "पंधरा, तीस, आन मंग चाळीस? मधले पाच कोनं खाल्ले?"

"इंग्रजायनं खाल्ले, माय," सुगत म्हणायचा. "आपल्याले पुरले नाही."

आता चाळीस-चाळीस झाले, तर दोन वाटा. एक सरळ: पुढचा गुण ज्याचा, गेम त्याचा. दुसरीत आधी आघाडी घ्यायची आणि लगेच दुसरा गुणही जिंकायचा. तो हरला की पुन्हा चाळीस-चाळीस. या दुसऱ्या वाटेला शेवट नसतो.

चौथा गडी कमी पडला की मोठे लोक सुगतला आत बोलवायचे. तसाच तो शिकला आणि त्याने अनुपला शिकवलं. सर्व्हिस करणाऱ्याने आधी गुण मोठ्याने बोलायचे, ही तिथली रीत. सुगतला त्यासाठी माझ्याकडे बघावं लागत नसे. तो कधी चुकला नाही.

गेल्या मे महिन्यात स्पर्धा ठेवली. दोघे भाऊ फायनलला पोचले, समोर भंडाऱ्याची जोडी. फायनल संध्याकाळी होती, पण त्याच संध्याकाळचं लॉनवर एक लग्न ठरलं. मंडप, जेवण, गाड्या, सगळी जागा हवी. म्हणून फायनल दुपारी बाराला घेतली. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. लग्न थोडंच पुढे ढकलता येतं.

लॉनचा मॅनेजर तेजराम आकडे लावायला माझ्याजवळ बसला. त्याने आधीच विचारलं, "चाळीस-चाळीसले एकच पाइंट धरा ना गा. लवकर मोकळे होसान. मले खुर्च्या लावाच्या हायेत."

"एका पाइंटात का होते?" अनुप म्हणाला. "आघाडीनंच खेळू. नाही का, दादा?"

सुगतने आभाळाकडे पाहिलं, मग भावाकडे. "चाल, तुझ्या मनासारखं," तो म्हणाला.

माझ्या आकड्यांचा पत्रा असा तापला होता की तेजराम रुमालाने आकडे धरत होता. काचेच्या आत वारा नव्हता. एक सेट यांचा, एक त्यांचा. तिसऱ्यात पाच-चार, भाऊ पुढे, सर्व्हिस सुगतची. हा गेम मिळाला की सामना संपणार होता.

चाळीस-चाळीस. आघाडी. पुन्हा चाळीस-चाळीस. तेजराम 'आ' लावायचा, काढायचा. सातव्या वेळेला मला दिसलं, सुगतचा शर्ट सुकला होता. बाकी तिघे घामाने निथळत होते आणि तो कोरडा होता.

आठव्यांदा यांची आघाडी झाली. तेजरामने 'आ' लावला. सुगत सर्व्हिसला उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "पंधरा-तीस."

अनुप हसला. "दादा, पाटी पाह्य. आघाडी हाये आपली."

सुगतने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याला माझ्यावरचं काही वाचता येत नव्हतं. "पंधरा-तीस," तो पुन्हा म्हणाला. पलीकडची जोडीही हसली. तेजराम म्हणाला, "इंग्रजायनं याचेबी खाल्ले बाप्पा."

मी एकटीच हसले नाही. पण मला बोलता येत नाही.

त्याने चेंडू जमिनीवर टाकला, तो उसळून वर आला, आणि सुगतचा हात हललाच नाही. तो काचेला टेकला आणि घसरत खाली बसला. दवाखान्यात नेईपर्यंत त्याचं अंग तव्यासारखं होतं. तो वाचला नाही. ऊन डोक्यात गेलं, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी लॉनवर लग्न लागलं.

सुगतच्या नावाने झालेल्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी अनुपने मला कोर्टाबाहेरून उतरवून घरी आणलं. तेव्हापासून मी सुगतच्या फोटोखाली उभी आहे. वारा आला की 'आ' माझ्यावर टकटक वाजतो आणि अनुप दचकून उठतो. पुष्पाबाई म्हणते, "काढ ना बाबू ते आता." तो काढत नाही.

आज तेजराम आला होता. दारातच उभा राहिला. परवा पुन्हा स्पर्धा आहे, मालकाला पाटी हवी आहे.

"किती वाजता?" अनुपने विचारलं.

"बाराले." तेजराम खाली बघत म्हणाला. "सांजचं लगन हाये."

मग अनुप माझ्यासमोर बसला. त्याने खिळ्यावरून 'आ' काढला. वाकडी कड त्याच्या बोटाला लागली. त्याने तो फोटोच्या मागे ठेवून दिला.

"पाटी देतो. पन हे नाही देत. चाळीस-चाळीसले आता एकच पाइंट. आकडे मीच लावीन."

"खेळशीन का?"

"नाही. गुण कोन कसे बोलते, ते आयकीन."

परवा मी पुन्हा त्या उन्हात टांगली जाईन. येणार असाल तर एवढं करा. माझ्याकडे बघून कोणी चुकीचा आकडा बोलला, तर हसू नका. खेळ थांबवा, त्याला सावलीत न्या, त्याच्या अंगावर पाणी घाला. गुण माझ्यावर तसेच राहतील. मी सांभाळीन.