छकुलीचा पट्टा

गाड्या आपटून बघणं हा बाईंचा धंदा. एकतीस वर्षं त्या कोऱ्या करकरीत गाड्या भिंतीवर आदळत होत्या आणि वर त्याचा पगार घेत होत्या. घरात कप फुटला तरी यजमान चकार शब्द काढत नसत. हिच्या लेखी ते किरकोळच, असं ते पाहुण्यांना सांगत.

प्रयोगशाळेत माणसाच्या जागी गाडीत बसवायच्या दोन डमी होत्या. उंचापुरा तो पैलवान आणि ठेंगणी ती छकुली. गाडीतले आजवरचे सगळे सुरक्षापट्टे पैलवानाच्या मापाने बेतलेले. ठेंगण्या बायका पाय पोचावेत म्हणून सीट पुढे ओढून स्टिअरिंगला खेटून बसतात आणि तोच पट्टा त्यांच्या बरगड्या मोडतो, हे अपघातांच्या अहवालांत वाचून वाचून बाईंचं डोकं उठलं होतं. दहा वर्षं खपून त्यांनी नवा पट्टा केला. चाचणीत छकुली पास झाली तर तो कंपनीच्या प्रत्येक गाडीत बसणार होता. नापास झाली तर प्रकरण बंद, आणि बाईंच्या निवृत्तीला उरले होते चार महिने.

गाडी आदळली. छातीवरच्या दाबाचा आकडा इतका कमी आला की साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सगळे खूश, बाईंना मात्र आनंद पचेना. छकुलीच्या गुडघ्यांना, कुठे आपटतात ते कळावं म्हणून, निळा रंग लावलेला होता, आणि समोरच्या डॅशबोर्डवर त्याचा ठिपकासुद्धा नव्हता. त्यांनी वाकून सीटच्या खाचा मोजल्या. सीट चक्क पाच खाचा मागे होती, पैलवानाच्या जागेवर.

मेकॅनिकचा चेहरा पडला. वीस वर्षं तो रोज पैलवानाला बसवत आला होता. जित्याची खोड, दुसरं काय! हात आपोआप गेला, असं तो खाली मान घालून म्हणाला. बाईंना राग आला, पण क्षणभरच. ज्या सवयीशी त्या दहा वर्षं झगडत होत्या, ती त्यांच्याच घरात निघाली होती.

साहेबांचं म्हणणं, पाच खाचांचं काय एवढं, कुणाला कळणार आहे.

"गाडी चालवणारीला कळेल," बाई म्हणाल्या, "पण तेव्हा फार उशीर झालेला असेल."

कुरकुर करत साहेबांनी आणखी एक गाडी दिली. ही शेवटची, हे बजावूनच. हातातोंडाशी आलेला घास बाईंनी आपणच परत केला होता. सीट लावायचं काम मात्र त्यांनी पुन्हा मेकॅनिकलाच दिलं.

चाचणीच्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. ती बरोब्बर छकुलीएवढी. तिला गाडीत बसवून तो म्हणाला, "नेहमी बसतेस तशी बस." तिने सीट पुढे ओढली ती थेट शेवटच्या खाचेपर्यंत. त्याने तिथे खडूने रेघ मारली आणि छकुलीला त्या रेघेवर बसवलं.

गाडी आदळली. या वेळी गुडघ्यांचा निळा रंग डॅशबोर्डवर लख्ख उमटला. आकडा पहिल्यापेक्षा बराच वर गेला, तरी मर्यादेच्या आत राहिला. अगदी काठावर, पण पास. बाईंनी तो तीनदा वाचला, मग खुर्चीत बसून चौथ्यांदा वाचला. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

साहेब हळहळले. पहिला आकडा जाहिरातीत काय शोभला असता!

"तो आकडा कुणाचाच नव्हता, साहेब," बाई म्हणाल्या. काचेपलीकडे मेकॅनिकची बायको छकुलीकडे एकटक बघत उभी होती आणि नकळत तिचा हात स्वतःच्या बरगड्यांवर गेला होता. बाईंनी तिच्याकडे बोट केलं. "हा त्यांचा आहे."